वाल सोल

दोन हजार तेवीस साल. मला तेव्हा बहात्तरावं चालू होतं, आणि माझ्या घराची पूर्वेकडची भिंत धडधडायला लागली होती. फळीवरची स्टीलची ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. बायको म्हणायची, "मालगाडी जाते." मी म्हणायचो, "मालगाडी काय दोन दोन तास जाते? पूर्वेला रूळ नाय, पूर्वेला हेमू हाय."

हेमंत त्याचं नाव. उमरोळीत सगळे हेमू म्हणायचे आणि इंटरनेटवर त्याला 'सुका जवला' म्हणायचे. या नावाने तो विनोदी गाणी करून टाकायचा. पोटापाण्यासाठी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. त्याच कारखान्यात मी बॉयलरवर बत्तीस वर्षं काढली. मी रिटायर झालो आणि तो लागला, म्हणून आम्ही एका पाळीत कधी उभे राहिलो नाही. पण चौदा वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिलो. आता तो इथं राहत नाही.

वाचनालयाच्या लोकांनी गावातल्या म्हाताऱ्यांना सांगितलं की तुमच्या आठवणीतला एक माणूस लिहून द्या. बाकीच्यांनी गुरुजी लिहिले असतील, सरपंच लिहिले असतील. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, मला जो माहीत आहे तो लिहितो.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे कोडं नको. हेमूला ऐकू येत नव्हतं. ठार बहिरा नव्हता. जाड आवाज त्याला छातीत लागायचा, पण पातळ आवाज एकेक करून गेले होते. आणि त्याचं काम रिॲक्टरवर. रिॲक्टर म्हणजे झाकण घातलेलं दोन पुरुष उंचीचं भांडं, त्यात रंगाचा माल शिजतो. माल जास्त तापला की घंटी वाजते. घंटी वाजली की वाल्व उघडायचा, आणि तरी थांबली नाही तर बाहेर पळायचं. ती घंटी पातळ आवाजाची. हेमूला ती ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या बायकोला, सुगंधाला माहीत होतं. कंपनीला नव्हतं, गावाला नव्हतं. आणि मला नव्हतं, हे लिहायला मला जड जातं. कारण वाफेचा नुसता आवाज ऐकून कुठल्या जोडाला गळती आहे हे सांगणारा माणूस म्हणून मी कारखान्यात ओळखला जायचो.

हेमू दिसायला उंच, वाळका, मान पुढे काढलेली. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असा बघायचा की समोरच्याला वाटावं, आपल्या दातात काही अडकलंय. पायात कायम कंपनीचे सेफ्टी शूज, लग्नातसुद्धा. चहाच्या टपरीवर आला की पाठ भिंतीला लावून उजेडाच्या बाजूला बसायचा. ती जागा दुसऱ्याने धरली असेल तर उभा राहायचा, पण पाठमोरा कोणाला व्हायचा नाही. मला वाटायचं, चार लोक फोनवर बघतात म्हणून याला ऐट आलीय, सगळ्यांनी आपल्याकडे तोंड करून बसावं असं वाटतं. मी तसं त्याला तोंडावर बोललोही. तो म्हणाला, "परत बोला आप्पा, मजा आली."

हे त्याचं पालुपद. कोणी काही बोललं की "परत बोल, मजा आली." लोक खूश व्हायचे, आपण काहीतरी भारी बोललो असं वाटून पुन्हा मोठ्याने, तोंड उघडून बोलायचे. आणि हेमूला दुसऱ्या वेळी कळायचं. त्याच्या प्रत्येक गाण्याची सुरुवात याच चार शब्दांनी व्हायची. डहाणूपासून विरारपर्यंत लोक ते बोलायला लागले. पंचायतीत ठराव वाचून झाला की मागून कोणीतरी म्हणायचं, परत बोल, मजा आली.

आणि त्याचे जवाब. विचारलं एक की सांगायचा दुसरं, तेही थोडं थांबून, तोंड सरळ ठेवून. मी एकदा कुंपणावरून विचारलं, "जेवलास का?" तर म्हणाला, "शेवळं? यंदा नाय मिळाली. कातकरीण येते ती पण नाय आली." माझी बायको हसून हसून ओट्यावर बसली. मी हसलो नाही, मी सहसा हसत नाही. पण दोन दिवसांनी मी स्वतः रानात जाऊन शेवळं काढून त्याच्याकडे दिली. मला वाटलं, याला खायची इच्छा झालीय.

सातपाटीची जनाबाय पाटी घेऊन आमच्या आळीत यायची. ती त्याच्यावर रागावलेली होती. "जवला मी सुकवायचा, मी विकायचा, नि नाव तू लावायचा?" असं त्याला रोज म्हणायची. एकदा ती खाली मान घालून सुरमईची खवलं काढत होती आणि मान न उचलता तिने विचारलं, "बोंबील देव का रं?"

हेमू म्हणाला, "डोंबिवली? कोन गेलाय डोंबिवलीला?"

"अरे मेल्या, बोंबील."

"हां. तिथं गर्दी फार."

जनाबायच्या हातातला कोयता खाली पडला. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, पदराला खवलं होती ती गालाला चिकटली. तिने ही गोष्ट सातपाटीच्या धक्क्यापर्यंत नेली. पण हेमू त्या दिवशी हात हलवत घरी गेला, मासळी न घेता, आणि सुगंधाने त्याला झापलं ते मी भिंतीतून ऐकलं. तिने झापायच्या आधी पाय आपटला तेही ऐकलं.

सुगंधाचं ते पाय आपटणं सगळ्या आळीला माहीत होतं. बाई कामसू, पण नवऱ्याशी बोलायचं म्हटलं की आधी जमिनीवर पाय आपटणार. आमच्या घरात तिचं नाव 'तापट' पडलं होतं. माझी बायको तर तिला समजावायला गेली होती की बाई, पुरुषमाणूस दमून येतो. सुगंधाने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत पाय आपटला. जमीन हलली की हेमू वळून बघायचा, ही त्यांची हाक होती. आम्ही इतकी वर्षं त्याला भांडण समजलो.

माणूस मात्र मनाने फार चांगला. माझ्या बायकोला चिकनगुनिया झाला तेव्हा ती तांदळाची पेज बघितली की तोंड फिरवायची. हेमू पाळी सांभाळून दोन्ही वेळा यायचा, हातात ताट-चमचा घ्यायचा आणि पेजेची आरती म्हणायचा. शब्द त्याचेच, चाल कुठलीच नाही. तीन सुरांच्या वर त्याचा आवाज जायचा नाही. आरती संपेपर्यंत वाटी संपली पाहिजे, नाहीतर पहिल्यापासून. ती बिचारी आरती थांबावी म्हणून पेज प्यायची.

त्याचं मोठं गाणं आलं ते तोंडावर मास्क बांधायच्या दिवसांत. त्या दिवसांत हेमूचे जवाब फारच भलतीकडे जायला लागले होते. लोक म्हणायचे, जवला फॉर्मात आहे. माणसाचं तोंडच दिसत नाही म्हटल्यावर तो काय ऐकणार, हे आता कळतं.

कारखान्यात मिश्राजी म्हणून सुपरवायझर होते, अजून आहेत. कारखान्यात वाल्वला सगळे वालच म्हणतात. एक दिवस मिश्राजी वरच्या माळ्यावरून मास्कमधून ओरडले, "हेमंत, वाल खोल."

हेमूला वाटलं, साहेब म्हणतात वाल सोल. तो वर बघून म्हणाला, "किती किलो?"

खालचे सगळे हसायला लागले. मिश्राजींना बिरड्याचे वाल माहीत नाहीत, ते परत ओरडले. हेमू म्हणाला, "साहेब, आधी भिजवायला लागतात." तेवढ्यात शेजारच्या टाकीवरचा माणूस धावत आला आणि त्याने वाल्व उघडला. हेमूने संध्याकाळी घरी जाऊन गाणं केलं. एक जुनं बुलबुल वाद्य, एक निळा प्लास्टिकचा ड्रम, आणि समोर सुगंधा खरोखर वाल सोलत बसलेली.

साहेब बोलला वाल खोल, मी ऐकला वाल सोल,
टाकीमधी माल तापला, परातीत माझा ताल गोल.

एवढंच गाणं, तेच उलटसुलट. पण कारखान्याकारखान्यातल्या माणसांनी ते उचललं. बिहारचे कामगारसुद्धा म्हणायचे, वाल म्हणजे काय ते माहीत नसताना. मिश्राजींना लोक 'वाल सोल साहेब' म्हणायला लागले आणि त्यांनाही ते आवडलं. त्या दिवशी वाल्व उघडायला किती उशीर झाला होता हे कोणी विचारलं नाही. त्यासाठीच ते गाणं केलं होतं, असं हेमूने मला नंतर सांगितलं. "हसले की विचारत नाय, आप्पा."

मग आलं तेवीस साल आणि माझी भिंत.

हेमूने ठरवलं होतं की 'वाल सोल'चं डीजेवालं गाणं करायचं, रिमिक्स. बुलबुल नाही, ड्रम नाही, सगळं लॅपटॉपवर. कंपनीतले आवाज फोनमध्ये भरून आणले होते: पंपाची धडधड, ढवळणीची घरघर, कॉम्प्रेसरचे ठोके, आणि वाल स्टीलच्या परातीत पडतात तो आवाज. नाव ठेवलं होतं 'वाल सोल, कंपनी मिक्स'. सहा महिने त्यावर बसला होता. त्याला आशा होती की हे गाणं चाललं तर हळदीच्या सुपाऱ्या मिळतील, कार्यक्रम मिळतील, आणि रिॲक्टरवरून स्वतःहून, मान राखून उतरता येईल. त्याच्या आधीच्या गाण्यावर प्रेम करणारे लोक नाराज होते. जनाबाय म्हणाली, "चांगला होता रं जवला, त्याचा खत केलास."

एका दुपारी ताटं फारच वाजायला लागली तेव्हा मी उठून गेलो. दार उघडं होतं. हेमू दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला होता, समोर कपाटाएवढी स्पीकरची पेटी, आणि तिच्यावर त्याने उजवा हात पसरून ठेवला होता. पाचही बोटं पसरलेली, तळवा दाबलेला, डोळे लॅपटॉपवर.

तो हात बघून मी दारातच थांबलो. मी बत्तीस वर्षं पाइपावर असाच हात ठेवलाय. बॉयलरखान्यात एवढा गोंगाट असतो की पंपाचा बेअरिंग कानाने कळत नाही, तो तळव्याने ऐकायचा असतो. पण इथे गोंगाट नव्हता. घर होतं, दुपार होती, आणि गाणं लावणाराच हाताने ऐकत होता.

गाणं थांबलं. मी मागूनच म्हणालो, "हेमू." काही नाही. मोठ्याने म्हणालो, "हेमू, तुझी बायको पळाली रे." तो लॅपटॉपवर काहीतरी खालीवर करत राहिला. आतून सुगंधा आली, हात वालाच्या सालांनी भरलेले. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्या पाठीकडे बघितलं, आणि पाय आपटला. हेमू वळला.

"आप्पा, कधी आलात?"

मी त्याच्या समोर जाऊन बसलो आणि तोंड उघडून विचारलं, "कधीपासून?"

त्याने "परत बोला" म्हटलं नाही. म्हणाला, "सात-आठ वर्षं. आधी पाखरं गेली. मग शिट्टी गेली. मग बायका." सुगंधाकडे बघून म्हणाला, "म्हंजे बायकांचा आवाज."

"आणि घंटी?"

"लाल लाईट लागते ना वर."

"लाईट उडाली तर?"

त्याने लॅपटॉपचं झाकण लावलं. मी विचारलं, कंपनी दरवर्षी कान तपासते, तिथं कसा सुटलास? म्हणाला, "काचेच्या खोलीत बसवतात. कानाला लावतात. बाहेर एक मुलगी बसते, ती आवाज सोडते, आपल्याला ऐकू आला की बटन दाबायचा. आवाज सोडताना तिच्या भुवया वर जातात. मी भुवया बघून दाबतो. गेल्या साली माझे कान कंपनीत सगळ्यात चांगले निघाले."

सुगंधाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मला दोन्ही आलं नाही, मला राग आला. मी म्हणालो, "हेमू, बॉयलरवर झोपलेल्या माणसाला मी लाथ घालून उठवलाय. तू जागा राहून झोपलेला हायस. तुझ्या खाली आठ माणसं काम करतात. तू सांग, नायतर मी सांगीन."

"सांगितलं तर घरी बसवतील, आप्पा. मी दुसरं काय करू? मला हाका मारून कोन काम देईल?" मग म्हणाला, "रविवारी गाणं सोडतोय. तुमच्याच मांडवात. तेवढं होऊ द्या."

मी रविवारपर्यंतची मुदत दिली. मी दिलेली मुदत वाढवत नाही, हे त्याला माहीत होतं.

रविवारी माझ्या पुतण्याच्या मुलीची हळद होती. नवरा दांडी गावचा. त्याच्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन यायची आणि उजेडात परत जायची म्हणून कार्यक्रम दुपारी चारला ठेवला. मांडव आमच्या वाडीत, चिकूच्या झाडांना लागून. हेमूने ठरवलं होतं की मांडवात गाणं लावायचं आणि त्याच मिनिटाला फोनवरून इंटरनेटवर सोडायचं.

गाणं सुरू झालं. आता मला असल्या गाण्यातलं काही कळत नाही, पण खरं ते लिहितो. पंप होता, कॉम्प्रेसर होता, सगळे माझ्या ओळखीचे आवाज, आणि चांगल्या दिवशी बॉयलरखान्यात बसतात तसे ते एकमेकांत बसले होते. दांडीचे कोळी नाचायला लागले, आमच्या बायका नाचायला लागल्या. नवरी पाटावर बसल्या बसल्या खांदे हलवत होती. माझी बायको दुखऱ्या गुडघ्याची, तीही उठली. हेमू स्पीकरला पाठ लावून, डोळे मिटून नाचत होता. मला वाटलं, सुटला हा.

आणि मग गाण्यात सायरन आला.

त्याने तो कंपनीच्या सरावाच्या दिवशी फोनमध्ये भरून घेतला होता, आणि गाण्यात घातला आदल्या रात्री, पेटी न लावता, नुसता लॅपटॉपवर. लॅपटॉपवर त्याची रेघ बारीक दिसत होती आणि कानाला काहीच लागत नव्हतं, म्हणून त्याने तो वाढवत वाढवत रेघ जाड दिसेपर्यंत वाढवला. डोळ्यांनी मोजलेला आवाज तो. बाहेरगावचा माणूस असता तर त्याने हात वर करून अजून उड्या मारल्या असत्या. पण आम्ही या बाजूची माणसं. सायरन वाजला तर काय करायचं हे आम्हाला शाळेत, पंचायतीत, कागद वाटून, पुन्हा पुन्हा शिकवलेलं आहे. ओलं फडकं नाकाला, वारा कुठला ते बघायचं, आणि वाऱ्याला आडवं चालायचं.

दोन श्वासांत नाच थांबला. बायकांनी पदर हंड्यात बुचकळले. आंब्याचा टहाळा ठेवलेला हंडा आडवा झाला. कोणीतरी मांडवाच्या झालरीकडे बोट दाखवलं, वारा पश्चिमेचा, आणि अख्खी हळद उत्तरेला चालायला लागली. नवरी हळदीने माखलेली, ओला टॉवेल नाकाला, दोन करवल्यांच्या मध्ये. दांडीचे पाहुणे नवऱ्याची उष्टी हळद वाटीत तशीच धरून. स्पीकरवाले पेट्या सोडून गेले. कोणी किंचाळलं नाही, कोणी धक्काबुक्की केली नाही. माझी बायको मला ओढत होती. तिला म्हटलं, तू हो पुढे.

मी थांबलो, कारण खरा सायरन दम घेतो. वाजतो, थांबतो, वाजतो. हा पंपाच्या ठेक्यावर वाजत होता.

मांडवात मी राहिलो आणि हेमू राहिला. तो डोळे मिटून नाचत होता, पाठ पेटीला, सेफ्टी शूज हळदीच्या पाण्यात. पूर्ण दोन मिनिटं नाचला. गाणं संपलं तेव्हा त्याने हात वर केले आणि डोळे उघडले. समोर रिकाम्या खुर्च्या, उलटा हंडा, आणि चपलांचे जोड.

त्याने माझ्याकडे बघितलं. "आप्पा, आवडला नाय का कोनाला?"

मी जवळ गेलो आणि सावकाश सांगितलं. "सायरन, हेमू. तुझ्या गाण्यातला. लोक कंपनीचा समजले."

"एवढा मोठा वाजला?"

"माहीमपर्यंत गेला असेल."

तो नवरीच्या पाटावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाला, "सगळे गेले नि मी इथंच."

लोक कुंपणापाशी जाऊन एकमेकांना विचारू लागले, वास येतो का, वास येतो का. वास फक्त हळदीचा होता. मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि हसण्याचा असा लोंढा परत आला की मांडव पुन्हा भरला. नवऱ्याचा मामा ओलं फडकं खांद्यावर टाकून पुढे आला, "मानला जवल्या तुला. हळद पळवलीस तू. आजवर नवऱ्या पळालेल्या बघितल्या."

हेमू उभा राहिला. म्हणाला, "मला ऐकायला येत नाय."

लोक हसले.

"खरंच सांगतो. कान गेलेत माझे. मला सायरन ऐकायलाच नाय आला."

अजून हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "परत बोल, मजा आली." आणि मग सगळ्यांनीच ते धरलं, टाळ्यांवर. कोणी फोन काढून त्याचं तोंड टिपत होतं. हेमू एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. सगळी तोंडं एकच वाक्य बोलत होती, तेव्हा ते त्याला नक्की कळलं असणार.

सुगंधा हसत नव्हती. ती गर्दीतून पुढे आली, पदर अजून नाकाजवळ, त्यातून पाणी गळत होतं. तिने पाय आपटला. मातीची जमीन, काही वाजलं नाही, पण हेमू वळला. तिने पदर खाली घेतला, म्हणजे त्याला तोंड दिसेल. म्हणाली, "मी पन पळाले. कुंपनापर्यंत गेले नि मंग आठवला, तू आतमधी हायस." एवढंच बोलली. लोकांना वाटलं, नवराबायकोचं काहीतरी चाललंय, ते पुन्हा नाचायच्या तयारीला लागले.

हेमू माझ्याकडे आला. "आप्पा, उद्या पहिली पाळी हाय. तुमी चला माझ्यासंगती. मी सांगितला तर ते असेच हसतील. तुमच्या बोलन्यावर आजपर्यंत कोन हसला नाय."

याला कौतुक म्हणायचं की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही. मी म्हणालो, "साडेसहाला तयार राहा."

पुढचं गावाला माहीत आहे. कंपनीने त्याला रिॲक्टरवरून काढून पॅकिंगला घातलं, तिथं वर्षभर होता. मग सुगंधाच्या माहेरी, डहाणूच्या पुढे गेला. तिथं स्पीकरच्या पेट्या बनवतो, छाती लावून पारखतो, आणि म्हणे त्याच्या पेटीला लांबून गिऱ्हाईक येतं. 'कंपनी मिक्स'मधला सायरन त्याने काढून टाकला आणि गाणं पुन्हा सोडलं. लोकांना सायरनवालंच हवं असतं. मला बिनसायरनचं आवडतं. त्यानंतर माझी-त्याची भेट झाली नाही. एकदा फोन केला होता त्याने, पण फोनवर तो ऐकणार काय. तोच बोलला, मी ऐकलं.

तर हळदीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि हेमूच्या मोटरसायकलवर मागे बसून बारा वर्षांनी कारखान्याच्या फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याने मला ओळखलं आणि नोंद न करता सोडलं. आत मिश्राजी भेटले. हेमूला बघून त्यांचं तोंड आधीच हसायला लागलं होतं, रविवारचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. मग त्यांनी मला बघितलं आणि हसू आवरलं. आम्हाला साहेबांच्या खोलीत नेलं. साहेब नवे, तरुण, चष्मा लावणारे. बसा म्हणाले, मी बसलो नाही.

मी उभ्याने, माझ्या हिंदीत सांगितलं, "साहब, ये मजाक नहीं है. मैंने बॉयलर पे बत्तीस साल काम किया. इसको घंटी सुनाई नहीं देती. आज से इसको रिॲक्टर पे मत भेजो. और इसको घर पे मत बिठाओ, हाथ का काम दो. इसका हाथ मेरे से अच्छा है."

खोलीत कोणी हसलं नाही. हेमू माझ्या डाव्या बाजूला उभा होता, मान पुढे काढून, कधी माझ्या तोंडाकडे, कधी साहेबांच्या. हातात हेल्मेट. साहेबांनी एक कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि खाली बघून लिहिता लिहिता विचारलं, "कब से ऐसा है?"

हेमू उभाच. त्याला प्रश्न विचारलाय हेच त्याला कळलं नव्हतं. मिश्राजींनी त्याला कोपराने ढोसायला हात पुढे केला. मी तो हात बाजूला केला आणि टेबलावर वाकलो.

"साहेब," मी म्हणालो, "मान वर करून विचारा. तो तोंड बघून ऐकतो."

साहेबांनी मान वर केली, पेन खाली ठेवलं आणि हेमूकडे बघून पुन्हा विचारलं.